टाकी फुल्ल करून ठेवू का? आधी पानेवाडी आठवा

कालपासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. "पेट्रोल मिळणार नाही म्हणतात, टाकी फुल्ल करून ठेवू का? एखादा कॅन पण भरून ठेवू?" विचारणारे बहुतेक रोज तीस-चाळीस किलोमीटर ये-जा करणारे आहेत. शिक्षक, एमआयडीसीत शिफ्टला जाणारे, एक सिस्टर. गाडी थांबली तर यांची हजेरी जाते, त्यामुळे "अफवांवर विश्वास ठेवू नका" एवढं सांगून भागत नाही. म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

१ जानेवारी २०२४ आठवतोय ना? नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६(२) आलं होतं. अपघातात माणूस दगावला आणि चालक न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद. चालकांचं म्हणणं, थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. त्यात सात लाख रुपये दंडाचा आकडा मोबाइलवर फिरत होता, जो कायद्यात कुठेच नव्हता. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या कितीतरी पंपांना तिथून टँकर जातात. त्या दिवशी चालकांनी स्टेअरिंग सोडलं आणि टँकर जागेवर उभे राहिले.

म्हणजे तेल होतं, ते आणणारा नव्हता. आणि पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांतही आदल्या दिवसाचा साठा होताच. मग काही तासांत "पेट्रोल संपले आहे"च्या पाट्या कशा लागल्या?

हिशोब साधा आहे. आपल्याकडे दुचाकीवाला फुल्ल टाकी क्वचितच करतो. शंभरचं, दोनशेचं टाकतो. दोनशेचं म्हणजे तेव्हाच्या भावाने दोन लिटरसुद्धा नाही. समजा एखाद्या पंपाकडे चार हजार लिटर शिल्लक आहे. रोजच्या सवयीने त्यात दोन हजार गाड्या निघतात. त्याच गाड्या आठ-आठ लिटर घ्यायला लागल्या की पाचशेव्या गाडीला नोझल कोरडं. शिवाय ज्याला पेट्रोल परवा लागणार होतं तोही आजच रांगेत. जिथे दोनशेचं टाकण्याची सवय आहे, तिथे पंप असाच लवकर कोरडा पडतो.

बातमीसाठी फिरताना मी त्या रांगा पाहिल्या. पुढे उभे होते ते मोकळे होते म्हणून. ड्युटीवरून सुटून आलेले मागे. पाण्याच्या जारमध्ये पेट्रोल भरून नेणारेही दिसले. पुढच्यांना मूर्ख म्हणणार नाही, ज्याच्या त्याच्या जागी तो बरोबरच होता. पण टंचाईचा भार पडला तो उशिरा सुटणाऱ्यावर.

२ जानेवारीला पोलीस बंदोबस्तात पानेवाडीहून टँकर निघायला लागले. रात्री दिल्लीत केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांची बैठक झाली, चर्चेशिवाय कलम लागू करणार नाही असं सरकारने सांगितलं आणि प्रकरण निवळलं. खरा खोळंबा दोन-तीन दिवसांचा. अर्धी टाकी असलेला माणूस त्यातून आरामात निभावला असता.

मग लांबलचक टंचाई आली तर? ती पण आलेली आहे. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला. आपल्याकडे पेट्रोल इतकं कडाडलं की निषेध म्हणून वाजपेयी नोव्हेंबरमध्ये बैलगाडीतून संसदेत गेले. तिथे घरातला पाच लिटरचा कॅन काय कामाचा? टंचाई छोटी असेल तर साठ्याची गरज नसते आणि मोठी असेल तर साठा पुरत नाही.

१९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर जगाचा तेलपुरवठा घटला तो चार टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत मात्र मैलभर रांगा. पाऊण टाकी भरलेली असतानाही लोक "टॉप-अप" करायला उभे. शेवटी काही राज्यांनी अमुक रकमेपेक्षा कमी पेट्रोल मिळणार नाही असा नियम केला, म्हणजे टाकी रिकामी झालेलाच रांगेत येईल. आपल्याकडे चंदीगड प्रशासनाने २ जानेवारी २०२४ ला उलटं केलं. दुचाकीला जास्तीत जास्त दोन लिटर, चारचाकीला पाच. दोनशेचं टाकणाऱ्या आपल्या देशात मला हेच जास्त पटतं.

आता कॅनबद्दल. मार्च २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये टँकर चालकांच्या संपाची नुसती शक्यता होती. तिथले मंत्री फ्रान्सिस मॉड यांनी गॅरेजमध्ये थोडं पेट्रोल कॅनमध्ये भरून ठेवा असा सल्ला दिला. दोनच दिवसांनी यॉर्क शहरात एक बाई स्वयंपाकघरात पेट्रोल एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना गंभीर भाजली, शेगडी चालू होती. संप झालाच नाही. आपला १९३४ चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवू देतो, पण घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, आणि काचेची बाटली असेल तर एक लिटरपर्यंतच. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीचं नावही त्यात नाही. आणि आपली घरं कशी? दोन खोल्या, तिथेच गॅस, तिथेच देवासमोर दिवा.

तेव्हा सिस्टर, तुमची टाकी पाव झाली असेल तर आज जाऊन भराच, नेहमीसारखी. निम्मी असेल तर राहू द्या. घरात कॅन नको.

आणि पंपमालक व तहसीलदार साहेब, तुम्हीही ही पोस्ट वाचता हे मला माहीत आहे. रांग पंपाबाहेर गेली की त्याच तासाला दुचाकीला दोनशेची मर्यादा लावा. अॅम्ब्युलन्स आणि रात्रपाळीवाल्यांसाठी थोडा साठा आधीच बाजूला काढा. २०२४ ला हे सुचेपर्यंत पाट्या लागल्या होत्या.