रायफल रिकामी कशी करायची? आंधळं मॅगझीन आणि बिजागरीची तळपट्टी

आजचा भाग मी काशीत, रामघाटावर बसून सांगतोय. या घाटाच्या आसपास मराठी माणसाला परकं वाटत नाही. एका बाजूला नागपूरकरांचा भोसले घाट, त्याच्या पलीकडे शिंदे घाट, दुसऱ्या बाजूला थोडं पुढे ग्वाल्हेर घाट. रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयातून सकाळी वेदपठण ऐकू येतं. अशा ठिकाणी शिकारीच्या रायफलीचा विषय कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण आहे. इथल्याच एका वाड्याच्या छताला माझ्या हातून भोक पडलं आहे.

आधी विषय समजून घेऊ. शिकारीच्या बोल्ट रायफलीत तीन-चार किंवा पाच काडतुसं पोटात, म्हणजे दस्त्याच्या आतल्या मॅगझीनमध्ये बसतात. काही रायफलींच्या पोटाला खालून बिजागरीची धातूची पट्टी असते. कळ दाबली की पट्टी उघडते आणि सगळी काडतुसं एकदम तळहातावर पडतात. हिला इंग्रजीत फ्लोअरप्लेट म्हणतात, आपण तळपट्टी म्हणू. दुसऱ्या प्रकारात खाली नुसतं लाकूड. वरून भरायचं आणि वरूनच काढायचं. बाहेरून मॅगझीन दिसतच नाही, म्हणून नाव पडलं ब्लाइंड, म्हणजे आंधळं मॅगझीन.

कुठली चांगली, यावर शिकारी मंडळी शंभर वर्षं वाद घालत आली आहेत. त्या वादामागचा इतिहास पाहिला तर उत्तर सापडायला मदत होते.

सुरुवात जर्मनीतल्या पाउल माउझरपासून. 1893 साली स्पेनच्या सैन्यासाठी त्याने जी रायफल बनवली, तिच्यात पाच काडतुसं दोन ओळींत आलटून-पालटून बसत. त्यामुळे मॅगझीन दस्त्याच्या पोटात मावलं, खाली पेटी लोंबायची राहिली नाही. पुढे 1898चं मॉडेल आलं आणि आजच्या बहुतेक शिकारी बोल्ट रायफली त्याच घराण्यातल्या आहेत. या लष्करी माउझरला तळपट्टी होती, पण बिजागरी नव्हती. काडतुसाच्या टोकाने आतली कळ दाबायची, पट्टी सरकवायची, मग ती सुटी होऊन हातात येई. ही सोय साफसफाईसाठी. सैनिकाला त्याहून जास्त गरज नव्हती.

शिकाऱ्याला मात्र होती. सैनिक रायफल भरतो ती झाडण्यासाठी. शिकारी पहाटे भरतो, दिवसभर रान तुडवतो आणि बहुतेक वेळा एकही गोळी न झाडता तंबूवर परततो. म्हणजे रायफल रिकामी करणं हे शिकाऱ्याचं रोजचं काम. म्हणून शिकारी माउझरला बिजागरी आणि बाहेरून दाबता येणारी कळ आली.

राजेमहाराजांना हा प्रश्न फारसा पडला नाही. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तर 1920 साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. हत्तीवरून किंवा मचाणावरून शिकार करणाऱ्या अशा बड्या मंडळींकडे बहुधा दुनळी रायफली असत. दुनळी मधोमध मोडली की दोन्ही काडतुसं डोळ्यांसमोर. भरली आहे की रिकामी, शंकाच नाही. पण चांगली दुनळी फार महाग. लष्करी अधिकारी, जंगल खात्यातले साहेब, चहामळेवाले यांच्या हाती आली ती मॅगझीन रायफल.

जिम कॉर्बेटचं उदाहरण घ्या. 1907 साली त्याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने 436 माणसं मारली होती, असा हिशोब सांगतात. त्या दिवशी कॉर्बेटकडे तीनच काडतुसं होती. ती संपली आणि शेवटचा बार त्याला तहसीलदाराची बंदूक घेऊन काढावा लागला. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे, म्हणजे आपल्या काशीचेही, लाटसाहेब सर जॉन ह्युएट यांनी त्याला रायफल भेट दिली. ती लंडनच्या रिग्बी कंपनीची, .275 बोअरची, माउझरच्या बोल्टवर बांधलेली मॅगझीन रायफल होती. तीन काडतुसांवर भागवणाऱ्या माणसाला मॅगझीन रायफल मिळाली, यातच तिचं आकर्षण कळतं.

मग आंधळं मॅगझीन कशासाठी? त्यालाही कारणं आहेत. कळ आणि बिजागरी नसली की झिजायला, सैल व्हायला काही उरत नाही. तळपट्टीची कळ जुनी झाली, तर जोराच्या धक्क्याने पट्टी आपोआप उघडते आणि ऐन वेळी काडतुसं पायाशी सांडतात. समोर चिडलेलं जनावर असताना हे घडलं तर काय, याची कल्पना करा. आंधळ्या मॅगझीनमध्ये ती भीती नाही. खालून चिखल-पाणी शिरत नाही, दस्ता मजबूत राहतो, वजन आणि किंमत कमी. अमेरिकेत रेमिंग्टनने 1962 साली मॉडेल 700 आणलं, तेव्हा साध्या एडीएल प्रकाराला आंधळं मॅगझीन दिलं आणि वरच्या दर्जाच्या बीडीएलला बिजागरीची तळपट्टी. तेव्हापासून अनेकांना हा फरक फक्त पैशाचा वाटू लागला. तसा तो नाही, हे मी रामघाटावर शिकलो.

माझी आत्या इथे दिलेली. आतोबा जंगल खात्यात, मिर्झापूरकडे नोकरीला होते. निवृत्त होताना त्यांच्याकडे एक साधी परदेशी रायफल उरली होती, आंधळ्या मॅगझीनची. मी नवा सेकंड लेफ्टनंट, सुट्टीवर आलेलो. परवान्याच्या नूतनीकरणासाठी रायफल ठाण्यात दाखवायची होती. आतोबा म्हणाले, "तू फौजी माणूस, जरा रिकामी करून दे. चार गोळ्या असतील." मी माजघरात उभा राहून बोल्ट मागे-पुढे केला. एक, दोन, तीन, चार. चार काडतुसं सतरंजीवर पडली. बोल्ट पुढे सारून बंद केला, नळी छताकडे धरली आणि सवयीप्रमाणे चाप ओढला.

पाचवं काडतूस होतं. गोळी लाकडी पटईतून आरपार वर गेली. वरच्या मजल्यावर आत्या पापड वाळत घालत होती. तिच्यापासून दोन हातांवर फळीचा तुकडा उडाला.

कानातला आवाज ओसरायच्या आधी मी जिन्याकडे धावलो. आत्या तशीच बसून होती, हातात पापड. मला म्हणाली, "काय रे पडलं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मी पुन्हा पुन्हा तेच आठवत राहिलो. सैन्यात आमच्या हाती एसएलआर. "खाली कर" म्हटलं की पहिली गोष्ट, मॅगझीन काढ. मग बोल्ट ओढ, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघ, शेवटी चाप. माझ्या सगळ्या शिस्तीचा पाया ती पहिली पायरी होती आणि त्या रायफलीत ती पायरीच नव्हती. तिचं प्रत्येक काडतूस चेंबरच्या तोंडातून बाहेर येणार. म्हणजे रिकामी करताना ती दर वेळी झाडण्याच्या बेतात येते. त्यात आणखी एक गोष्ट. लष्करी माउझर रिकामी झाली की आतली पट्टी बोल्टला अडवते, सैनिकाला कळतं. शिकारी रायफलींत बहुधा ती पट्टी उतरती घासलेली असते. बोल्ट गुपचूप बंद होतो, मग आत काडतूस असो वा नसो. मी मोजणीवर विसंबलो, बघितलं नाही. चूक माझीच. पण तळपट्टी असती तर पाचही काडतुसं माझ्या तळहातावर पडली असती आणि मोजायचा प्रश्नच आला नसता.

म्हणून माझं मत असं बनलं. आंधळं मॅगझीन जनावरासमोर भरवशाचं, तळपट्टी माणसांमध्ये भरवशाची. कॉर्बेटच्या काळात पहिल्या गोष्टीला तोलून पाहणं बरोबर होतं. पण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपली. रायफली मात्र उरल्या, वाड्यांच्या कपाटांत. आता त्या जनावरासमोर जातच नाहीत. त्या निघतात पुसायला, परवाना दाखवायला, वारसाच्या नावे करायला. त्यांचं उरलेलं सगळं आयुष्य रिकामं करण्यातच जायचं आहे. मग निवड करताना विचार त्याच क्षणाचा करायला हवा.

तुमच्या घरात आजोबांची अशी रायफल असेल आणि परवाना तुमच्या नावे असेल, तर आधी तिला उलटी करून पाहा. तळपट्टी असेल तर बोल्टला हात लावण्याआधी ती उघडा आणि तिची कळ घट्ट आहे ना, तेही बघून ठेवा. पोट बंद असेल तर घरात हे काम करू नका. मोकळ्यावर जा, नळी मातीकडे धरा, बोट चापाबाहेर ठेवा. काडतुसं मोजू नका. बोल्ट पूर्ण मागे ठेवून चेंबर आणि मॅगझीन, दोन्हींत उजेडात बघा आणि बोट घालून चाचपा. आणि "चारच आहेत" असं कोणी वडीलधारं सांगितलं, तर मान डोलवा आणि पाचवं शोधा.

आत्या आता नाही. आतोबांनी त्याच वर्षी रायफल परवानाधारक दुकानदाराला विकली. पटईतल्या भोकावर आत्याने डालडाच्या डब्याचा पत्रा ठोकून घेतला होता. काल जाऊन पाहिला, अजून तिथेच आहे.