परसातली आगगाडी : माणसाला वाहून नेणाऱ्या छोट्या रेल्वेचा इतिहास

घरच्या परसात रूळ टाकून त्यांवर माणसांना बसवून नेणारी छोटी आगगाडी चालवण्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रुजली आणि पुढे अमेरिकेत व इतर देशांत पसरली. टेबलावर गोल फिरणारी खेळण्यातली गाडी नुसती खऱ्या गाडीसारखी दिसली तरी पुरते. परसातल्या गाडीला खऱ्या गाडीचे कामही करावे लागते, कारण इंजिन आणि डबे कितीही लहान केले तरी त्यांवर बसणारा माणूस पूर्ण मापाचाच राहतो. रूळ किती जवळ आणावेत म्हणजे गाडी या माणसाला ओढू शकेल आणि वळणावर उलटणार नाही, हा या रेल्वेपुढचा मूळ प्रश्न होता.

दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे गेज. इंग्लंडमधल्या मुख्य मार्गांचे गेज ४ फूट ८½ इंच, भारतातल्या ब्रॉडगेजचे ५ फूट ६ इंच आणि नेरळ-माथेरान मार्गाचे २ फूट आहे. परसातल्या गाड्यांचे गेज १५ इंचांपासून थेट २½ इंचांपर्यंत उतरले.

पद्धतशीर प्रयोगांची सुरुवात सर आर्थर हेवुड (१८४९–१९१६) यांच्याकडे जाते. तरुणपणी त्यांनी धाकट्या भावंडांना बसण्यासाठी ९ इंची गेजची गाडी केली होती. मोठे माणूस बसले की तिचा तोल राहत नसे. त्या अनुभवावरून त्यांनी १५ इंच हे सुरक्षित किमान गेज ठरवले आणि १८७४ पासून डर्बीजवळच्या डफिल्ड बँक या आपल्या घराच्या आवारात, टेकडीच्या उतारावर रूळ टाकायला घेतले. मार्गात बोगदे होते, उंच पूल होता, आणि काही ठिकाणी दहा फुटांमागे एक फूट इतका खडा चढ होता. ‘एफी’ (१८७५), ‘एला’ (१८८१) आणि ‘म्युरिएल’ (१८९४) ही तिन्ही इंजिने त्यांच्या घरच्याच कारखान्यात तयार झाली. आखूड वळणे सहज घेता यावीत म्हणून चाकांच्या जोड्या वळणाबरोबर किंचित फिरतील अशी रचना हेवुड यांनी शोधून काढली. गाडीला जेवणाचा डबा होता आणि झोपण्याचाही.

हेवुड यांच्या लेखी मात्र हा करमणुकीचा विषय नव्हता. मोठ्या जहागिरी, खाणी आणि लष्कर यांना स्वस्तात माल वाहता यावा, हा त्यांचा उद्देश होता. १८८१ मध्ये त्यांनी किमान गेजच्या रेल्वेवर पुस्तिकाही प्रसिद्ध केली. लष्कराने तिकडे लक्ष दिले नाही. गिऱ्हाईक मिळाले ते ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांचे. त्यांच्या ईटन हॉलच्या जहागिरीत १८९६ मध्ये १५ इंची रेल्वे सुरू झाली आणि स्टेशनावर आलेला कोळसा व इतर माल हवेलीपर्यंत पोचवू लागली.

१५ इंची गेज करमणुकीकडे वळवले ते नॉर्दॅम्प्टनचे मॉडेल-उत्पादक बॅसेट-लोक आणि अभियंता हेन्री ग्रीनली यांनी. हेवुड यांची इंजिने ओबडधोबड, कामापुरती होती. ग्रीनली यांची इंजिने मुख्य मार्गावरच्या देखण्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती होत्या. त्यांपैकी ‘लिटल जायंट’ १९०५ मध्ये ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी लोकांना फिरवू लागले. कॅप्टन हाउई आणि काउंट झ्बोरोव्स्की या दोन श्रीमंत मोटारशौकिनांनी आपापल्या आवारात १५ इंची मार्ग बांधले होते. त्यांच्या हौसेला घराची जागा अपुरी पडू लागली आणि त्यातून केंट परगण्यातली रॉम्नी, हाइद अँड डिमचर्च ही सार्वजनिक रेल्वे उभी राहिली. १९२७ मध्ये ती धावू लागली तेव्हा झ्बोरोव्स्की हयात नव्हते. १९२४ मध्ये मोटारशर्यतीत त्यांचा मृत्यू झाला होता.

भारतात ही चैन संस्थानिकांना परवडणारी होती. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी १८९३ च्या सुमारास शहरात स्वतःची २ फुटी ट्रामवे घातली, आणि तीच वाढून ग्वाल्हेर लाइट रेल्वे झाली. त्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडीही आहे. पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेणे हे तिचे काम. बडोद्यात गायकवाडांच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आमराईभोवती लहान रूळमार्ग होता. राजघराण्यातल्या मुलांची शाळा याच आवारात भरत असे. आज त्या शाळेच्या इमारतीत संग्रहालय आहे आणि जुने छोटे इंजिन त्याच्या दाराशी उभे आहे. सामान्य मुलांच्या वाट्याला अशी गाडी आली ती सार्वजनिक बागांमधून. पुण्याच्या पेशवे पार्कमध्ये १९५६ साली सुरू झालेली ‘फुलराणी’ हे मराठी मुलखातले त्याचे सर्वांत परिचित उदाहरण.

टेकडी, ओतशाळा आणि हाताखाली नोकर नसलेल्या माणसाला स्वतःची गाडी हवी असेल, तर गेज आणखी उतरवणे भाग होते. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ नियतकालिक काढले आणि त्याच वर्षी तिथे अशा हौशी कारागिरांची संस्थाही स्थापन झाली. वाचक होते फिटर, टर्नर, कारकून, शिक्षक. घरामागच्या शेडमध्ये पायाने चालवायचा लेथ बसवून हे लोक रात्री काम करत. त्यांच्या परसात १५ इंची गाडी मावणे शक्य नव्हते. २½, ३½ किंवा ५ इंची मावत होती.

इथे गणित आडवे येत होते. ३½ इंची गेजचे इंजिन खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचे असते. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १६ पटींनी घटली की वजन ४,०९६ पटींनी घटते. म्हणजे ८० टनांचे इंजिन हिशेबाने जेमतेम २० किलोंचे उरते, आणि त्याने आपल्या तिप्पट वजनाच्या माणसाला ओढायचे. बॉयलरची अडचण त्याहून अवघड होती. खऱ्या बॉयलरमधल्या धूरनळ्या त्याच प्रमाणात बारीक केल्या तर राखेने तुंबतात. जाळी आणि भट्टी लहान करता येते. कोळशाच्या जळण्याचा स्वभाव लहान करता येत नाही. म्हणून विक्रीसाठी बनणाऱ्या छोट्या इंजिनांत सहसा स्पिरिटचा दिवा असे. एवढ्याशा इंजिनाने कोळशावर चालून माणसे ओढावीत, हे पुष्कळांना अशक्य वाटे.

हा समज मोडला ‘कर्ली’ लॉरेन्स (१८८३–१९६७) यांनी. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत त्यांनी काम केले होते आणि तिच्याच आद्याक्षरांवरून ‘एलबीएससी’ हे टोपणनाव घेतले होते. नळ्या मोजक्या पण मापाच्या मानाने जाड ठेवायच्या, भट्टी खोल करायची, आणि सिलिंडरमधून सुटणारी वाफ धुरांड्यात नेमक्या जागी सोडून हवेची ओढ वाढवायची, अशी त्यांची रीत होती. त्यांचे ‘आयेशा’ हे २½ इंची गेजचे इंजिन कोळशावर चाले आणि मोठ्या माणसांना ओढून नेई. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मॉडेल इंजिनिअर’मध्ये यावरून जोरदार वाद झडला आणि तो ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून ओळखला जातो. १९२४ पासून लॉरेन्स नियमित लिहू लागले. पुढच्या चार दशकांत त्यांनी पन्नासहून अधिक इंजिनांचे आराखडे दिले. प्रत्येक भाग कसा कापायचा, कुठे भोक पाडायचे, काय चुकू शकते, हे ते कारखान्यातल्या बोलीत समजावत. नवशिक्यांसाठी दिलेले त्यांचे चार चाकी ‘टिच’ जगभरच्या शेडमध्ये तयार झाले.

तोल सांभाळण्यासाठी ३½ आणि ५ इंची मार्ग जमिनीवर न टाकता खांबांवर उचलले जातात. प्रवासी लांबट फळीवजा डब्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसतो. पाय रुळांच्या पातळीखाली येतात, त्यामुळे वजन खाली राहते आणि गाडी उलटत नाही. ७¼ इंची गेजची गाडी मात्र जमिनीवरच्या रुळांवरून नेता येते. त्यामुळे तिच्या मार्गावर खडी, स्लीपर, सांधे, पूल आणि बोगदा असा खऱ्या रेल्वेचा सगळा सरंजाम उभा करता येतो.

अशा इंजिनाची चाके आणि सिलिंडर यांची ओतीव कास्टिंग विकत मिळतात. ती लेथवर मापात आणावी लागतात. बॉयलर बहुधा तांब्याचा असतो, कारण तांबे गंजत नाही, आणि त्याचे जोड चांदीमिश्रित डाकाने पक्के करतात. वाफ धरण्याआधी बॉयलर पाण्याने गच्च भरून नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाबावर तपासतात. कारण सरळ आहे : नुसत्या पाण्याने भरलेला बॉयलर फुटला तर गळतो, वाफेने भरलेला फुटला तर जीव घेतो. गाडी काढायच्या दिवशी आधी रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा पेटवतात आणि धुरांड्यावर छोटा पंखा बसवून ओढ निर्माण करतात. वाफेच्या दाबाचा काटा वर चढू लागला की सुपारीएवढे दगडी कोळशाचे तुकडे भट्टीत पडू लागतात. थोड्या वेळाने इंजिन स्वतःच्याच वाफेवर ओढ धरते आणि पंखा काढून घेतात.

अमेरिकेतली सर्वांत गाजलेली परसातली रेल्वे वॉल्ट डिस्ने यांची. त्यांच्या स्टुडिओतले चित्रकार वॉर्ड किंबल यांनी घरामागे खऱ्या मापाचे नॅरोगेज इंजिन ठेवले होते, तर ऑली जॉन्स्टन यांच्याकडे छोटी गाडी होती. त्या दोघांचे पाहून डिस्ने यांनाही ओढ लागली. १९४९ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या होम्बी हिल्स भागात जागा घेतली. बायको-मुलींकडून रुळांना वाट देण्याचा करार गमतीने लिहून घेतला, आणि ७¼ इंची ‘कॅरोलवुड पॅसिफिक’ बांधली. मार्ग २,६१५ फुटांचा होता. ४६ फुटी पूल होता, आणि पत्नी लिलियन यांच्या फुलांच्या वाफ्यांखालून ९० फुटी बोगदा जात होता. तो मुद्दाम नागमोडी ठेवला होता, म्हणजे शिरणाऱ्याला पलीकडचा उजेड दिसू नये. सेंट्रल पॅसिफिकच्या १७३ क्रमांकाच्या इंजिनाची आठव्या हिश्शाच्या मापाची प्रतिकृती ‘लिली बेल’ स्टुडिओच्या कारखान्यात रॉजर ब्रॉगी यांच्या देखरेखीखाली तयार झाली. गार्डचा लाकडी डबा डिस्ने यांनी स्वतः केला आणि आत बसवायला इवलीशी शेगडीही घडवली. ७ मे १९५० रोजी घरच्या मार्गावर गाडी प्रथम धावली. १९५३ मध्ये एका पाहुण्याच्या हातून गाडी घसरली आणि वाफेने एका लहान मुलीला भाजले. त्यानंतर डिस्ने यांनी मार्ग बंद केला. दोन वर्षांनी उघडलेल्या डिस्नेलँडला पहिल्या दिवसापासून ३ फुटी गेजची वाफेची रेल्वे होती. होम्बी हिल्समधल्या ज्या कोठारातून गाडीचे नियंत्रण होई, ते १९९९ मध्ये ग्रिफिथ पार्कमधल्या रेल्वेहौशींच्या मंडळाच्या आवारात लोकांसाठी खुले झाले.

पुढे अशा मंडळांमुळे ही हौस परसाबाहेर पडली. घरी इंजिन बांधायचे आणि रविवारी मंडळाच्या मार्गावर चालवायचे, अशी सोय झाली. बॉयलरची तपासणीही मंडळाचे जाणकार सभासद करू लागले. वाफेबरोबर बॅटरी आणि पेट्रोलवर चालणारी इंजिने आली. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या चिलोक्विनजवळ ‘ट्रेन माउंटन’ येथे अशा रुळांची लांबी ३० मैलांहून अधिक आहे. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात ७¼ इंच, तर उरलेल्या अमेरिकेत ७½ इंच गेज रूढ झाले. पाव इंचाच्या या फरकामुळे एकीकडचे इंजिन दुसरीकडच्या रुळांवर चालत नाही.