जाळीचा तळ आणि कोरडी जमीन

गिनीपिग घरी आणायचा ठरला की सल्ला एकच मिळतो, मग तो विकणाऱ्याकडून मिळो की शेजारच्या पोल्ट्रीवाल्याकडून. जीव वीतभर, त्याला पिंजरा हातभर पुरे. तळ जाळीचा घ्या, म्हणजे लेंड्या-मूत खाली पडेल आणि जनावर स्वच्छ राहील. मोठा पिंजरा कराल तर तेवढी मोठी जागा रोज धुवत बसाल. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या लोणी-धामणीकडे याचंच सोपं रूप म्हणजे टोमॅटोचं जुनं प्लास्टिकचं कॅरेट, त्यावर जाळीचा तुकडा आणि जाळीवर दगड. झाला पिंजरा.

हे मत मला सपशेल चुकीचं वाटतं. पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडल्याचा आनंद मानायचा, हे खंडन नव्हे. त्यामागे तीन आधार आहेत आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आधार अनुभवाचा. पिंजऱ्यातली अंड्याची कोंबडी आणि जाळीवरचा ससा हे दोन्ही आपल्याकडे लोकांनी पाहिले आहेत. विष्ठा खाली पडते, जंतांचा आणि कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचा त्रास आटोक्यात राहतो, माणसाचं काम वाचतं. दुसरा आधार प्रयोगशाळेचा. गिनीपिग आपल्या कल्पनेत आला तोच मुळी प्रयोगशाळेतून. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या हाफकिन यांनी 1892 साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची लस तयार केली, तेव्हा जंतूंची तीव्रता वाढवायला ते गिनीपिगच्याच शरीरातून पुन्हा पुन्हा नेले होते. प्राण्याबरोबर त्याच्या पिंजऱ्याचं चित्रही तिथूनच आलं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलची प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठीची मार्गदर्शिका 2011 च्या आवृत्तीतही साडेतीनशे ग्रॅमहून जड गिनीपिगला किमान साधारण 652 चौरस सेंटिमीटर जागा आणि 18 सेंटिमीटर उंची सांगते. ए-फोर कागद 624 चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे एवढ्या मोठ्या शास्त्रीय संस्थेने कागदापेक्षा जेमतेम मोठी जागा पुरेशी ठरवली आहे, असं कुणी म्हणालं तर त्याच्या हातात पुरावा आहे.

तिसरा आधार खास आमचा आहे. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, बिबट्या हा रोजच्या हिशेबातला प्राणी आहे. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र काढावं लागलं, यावरून काय ते समजावं. शेळ्या रात्री बंद केल्याशिवाय इथे कुणाला झोप लागत नाही. घट्ट कोंडलेलं ते सुरक्षित, हे समीकरण त्यातून मनात पक्कं बसलं आहे.

आता उत्तरपक्ष. सशाचा दृष्टान्त आधी घेतो, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे आणि तो विषम दृष्टान्त आहे. सशाच्या तळपायाला दाट केसांची गादी असते. गिनीपिगचा तळपाय उघडा, मऊ कातडीचा. तारेवर उभं राहून त्या कातडीला आधी लाली येते, मग घट्टे पडतात, मग जखम होते आणि ती चिघळली की हाडापर्यंत जाते. एकदा तिथवर पोचलेलं दुखणं बरं करणं पशुवैद्यालाही फार अवघड जातं. तारेच्या भोकात बोट अडकून मोडतं ते वेगळंच. कॅरेटचा तळही भोकांचाच असतो, त्यामुळे त्यालाही हेच लागू. जाळीने विष्ठेचा संपर्क तुटतो, हा दावाही अर्धाच खरा आहे. गिनीपिग आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो, त्याच्या पचनाचा तो आवश्यक भाग आहे आणि त्या तो थेट गुदद्वारापाशीच तोंड नेऊन घेतो. तळाला जाळी असो वा फरशी, त्यात फरक पडत नाही.

प्रयोगशाळेच्या आकड्याचं उत्तर त्याच मार्गदर्शिकेत आहे. तो आकडा किमान आहे आणि प्रयोगाच्या सोयीसाठी ठेवलेल्या प्राण्याचा आहे. उंदीरवर्गातल्या प्राण्यांना भरीव तळ आणि त्यावर अंथरूण सहसा अधिक पसंत पडतं, हेही तीच मार्गदर्शिका नोंदवते. आकडा उचलायचा आणि त्याच्याजवळचं हे वाक्य सोडायचं, याला शास्त्राचा आधार घेणं म्हणत नाहीत. घरातला गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. इतकी वर्षं कागदाएवढ्या जागेत काढायला लावणं हा कायद्याचाही प्रश्न आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातलं 11 वं कलम, हालचालीला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं क्रूरतेत मोजतं.

मोठा पिंजरा म्हणजे मोठं काम, हा आक्षेप मात्र खरा महत्त्वाचा आहे, कारण लोक दुष्टपणाने नव्हे, कामाच्या धास्तीने लहान पिंजरा घेतात. त्याचा हिशेब नीट मांडू. टोमॅटोचं नेहमीचं कॅरेट साधारण 54 सेंटिमीटर लांब आणि 36 रुंद असतं, म्हणजे जेमतेम दोन चौरस फूट. त्यात दोन मोठे गिनीपिग ठेवले तर संध्याकाळपर्यंत कोरडा कोपरा उरत नाही. खाणं, झोपणं, मुतणं सगळं एकाच जागी. अंथरूण सगळंच ओलं, म्हणून सगळंच फेकायचं आणि सगळंच धुवायचं, रोज. त्याऐवजी पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा द्या. साडेबारा चौरस फूट झाली, कॅरेटच्या सहापट. मूत तेवढंच, लेंड्या तेवढ्याच. पण गिनीपिग सगळीकडे सारखा घाण करत नाही. तो जिथे लपतो, झोपतो आणि जिथे चारा खात बसतो, तिथेच सर्वांत जास्त करतो. खाता खाता लेंड्या टाकत राहणं ही त्याची सवयच आहे. जागा मोठी असली की ओलावा त्या दोन-तीन ठिकाणी साचतो आणि मधली धावपट्टी कोरडी राहते. रोजचं काम उरतं ते तेवढी ठिकाणं उचलण्याचं. लहान पिंजऱ्यात वाचते ती जागा, काम मात्र वाढतं.

पाण्याचाही विचार करायला हवा. आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो, आणि त्याच तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेत पाण्याची वाट पाहतो. इथे रोज धुण्यावर उभी असलेली स्वच्छता मेमध्ये टिकणार नाही. आणि ती टिकली तरी उपयोगाची नाही. मुतातल्या युरियाचं अमोनियात रूपांतर जिवाणू करतात आणि त्यांना त्यासाठी ओल लागते. धुऊन नीट न वाळलेला पिंजरा त्यांना हवा तसाच असतो. गिनीपिगचं नाक जमिनीपासून दोन-तीन इंचांवर. आपल्याला वास यायच्या आत त्याच्या फुप्फुसांना तो झोंबू लागलेला असतो आणि श्वसनाच्या दुखण्याला हा प्राणी फार लवकर बळी पडतो. शिवाय रोज सगळा वास पुसून टाकला की तो बावरतो आणि आपल्या खुणेसाठी आणखी मुततो. फिनेल तर पिंजऱ्याजवळही आणू नये.

कोरड्या स्वच्छतेचं उत्तम उदाहरण आपल्या माळावरच आहे. धनगर वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावतात, शेतात मेंढरं बसवतात आणि मग वाघर पुढच्या तुकड्यात हलवतात. शेकडो मेंढरांचा मुक्काम, आणि धुण्याचा थेंबभर पाण्याचा खर्च नाही. ओल साचण्याआधी जागा बदलायची, हे त्यामागचं तत्त्व. गिनीपिगचा पिंजरा हलवता येत नाही, पण त्यातली ओली जागा ठरवता येते आणि तेवढीच उचलता येते. लेंड्या कोरड्या असतील तर त्या मेंढरांच्या लेंडीखतासारख्याच थेट वाफ्यात जातात.

यावरून पिंजऱ्याची रचना आपोआप ठरते. लांबी वाढवावी, रुंदी वाढवू नये, कारण भिंतीला लावलेल्या पिंजऱ्यात हात अडीच फुटांपलीकडे सहज पोचत नाही आणि जिथे हात पोचत नाही तिथे घाण राहते. उंची दीड फूट पुरे. हा प्राणी चढणारा नाही, त्यामुळे माडीवर माडी चढवून दोन्ही मजल्यांची जागा एकत्र मोजणं ही फसवणूक आहे. त्याला सरळ धावायला सलग जमीन लागते. पेरू देशात गिनीपिग मांसासाठी पाळतात. तिथेसुद्धा सुधारित पद्धत म्हणून सांगितला जातो तो जमिनीवरचा हौद, दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि 45 सेंटिमीटर उंच, तळ भरीव. तिथली दाटी मला मान्य नाही, पण ज्यांना फक्त वजन वाढवायचं आहे त्यांनीही तारेचा तळ आदर्श मानला नाही, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

एका टोकाला दीड फूट रुंदीचा उथळ सरकता ट्रे. गव्हाण त्याच्यावर, पाण्याची बाटलीही त्याच्यावर, म्हणजे गळणारं पाणी आणि खाताना पडणाऱ्या लेंड्या एकाच जागी. ट्रेमध्ये वर्तमानपत्राचे जाड थर आणि वर वाळलेलं गवत. सकाळी कागदाची गुंडाळी करून काढायची, नवे थर घालायचे. बाकीच्या तळाला टोकं वर वळवलेली प्लास्टिकची जाड शीट, त्यावर लोकरी ब्लँकेटचा तुकडा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नख अडकतं. लपायला दोन खोकी द्यावीत आणि प्रत्येकाला दोन दारं कापावीत. एकच दार असलं की एक जण आत अडकतो, भांडण होतं, आणि मग लोक म्हणतात की दोन एकत्र राहत नाहीत, एकच ठेवा. ते भांडण प्राण्यांच्या स्वभावातून नव्हे, अडचणीच्या जागेतून आलेलं असतं. स्वित्झर्लंडने 2008 मध्ये नियमच केला की गिनीपिगला सोबती हवाच.

अंथरुणाबाबत दोन स्थानिक सूचना. भाताचं तूस स्वस्त मिळतं, पण ते टोकदार आणि धुळीचं असतं, डोळ्यांत जातं. सुताराकडचा भुसा कोणत्या लाकडाचा हे कळत नाही आणि त्याची धूळही बारीक असते. माळावरचं गवत चांगलं, मारवेल किंवा पवना असेल तर उत्तमच, पण कुसळी निवडून काढलीच पाहिजे. तिची कुसळं डोळ्यांत आणि हिरडीत घुसतात.

साफसफाई चाऱ्यापासून सुरू होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शेळ्यांसाठी लावलेला लसूणघास सहज हाताशी असतो म्हणून तोच रोज टाकला जातो. त्यात कॅल्शियम जास्त. गिनीपिग जादा कॅल्शियम मुतावाटे टाकतो, म्हणून तळावर खडूसारखे पांढरे डाग बसतात आणि ते घासून निघत नाहीत. याच कॅल्शियमाचे मूत्राशयात खडेही होतात. मोठ्या प्राण्याला मुख्य अन्न म्हणून गवतच द्यावं आणि क जीवनसत्त्वासाठी ढोबळी मिरची किंवा पेरूची फोड, कारण ते जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही. उरलेल्या डागावर पातळ केलेलं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस फडक्याने लावला की तो सुटतो. तांब्याभर पाण्यात आठवड्याची पुसणी होते.

राहिला बिबट्याचा प्रश्न. सुरक्षितता जाळीत असते, जागेच्या लहानपणात नसते. शेळ्यांच्या गोठ्याने आम्हाला शिकवलं ते हे की वरची बाजू बंद हवी आणि कडी बाहेरून उचलता येणारी नको. तोच धडा इथे घ्यावा. गिनीपिग घरातच ठेवायचा, त्यामुळे त्याचे खरे शत्रू मांजर, मुंगूस, घूस आणि साप. षटकोनी कोंबडीजाळी त्यांच्यापुढे टिकत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश भिंतींना आणि झाकणाला लावली की पिंजरा पाच फुटांचा असो वा दहा, तो तितकाच भक्कम.

यापेक्षा मोठा धोका उन्हाळ्याचा आहे. गिनीपिगला घाम येत नाही. तापमान तिशीपलीकडे गेलं की त्याला उष्माघात होऊ शकतो, आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो. पत्र्याच्या पडवीत पिंजरा ठेवणं म्हणजे त्याला भट्टीत ठेवणं. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत, उत्तरेच्या भिंतीला पिंजरा असावा. लांब पिंजऱ्याचा इथे आणखी एक फायदा होतो. एका टोकाचं ब्लँकेट आणि शीट दुपारी काढून शहाबादी फरशी उघडी ठेवता येते, जाळीवरून बाहेरच्या बाजूने ओलं फडकं सोडता येतं, आणि दुसरं टोक कोरडं राहतं. मग कुठे बसायचं ते प्राणी स्वतः ठरवतो. दुपारभर तो फरशीवर पोट टेकून पसरतो आणि ऊन उतरलं की गव्हाणीकडे येतो. दोन चौरस फुटांच्या कॅरेटमध्ये सगळी जागा एकाच वेळी तापते.