टेक्नो कुणाचा? डेट्रॉईटच्या संग्रहालयाचा आपल्याला धडा



'टेक्नो' संगीत म्हटलं की युरोपातले क्लब आणि गोरे डीजे डोळ्यांसमोर येतात. हे चित्र अर्धवट आहे. ते तसं का राहिलं, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

टेक्नो जन्मला अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये. मोटार कारखान्यांत राबायला दक्षिणेतून आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांचं हे शहर. १९६७ च्या उठावात इथे ४३ जण मेले. त्यानंतर गोऱ्यांनी शहर सोडण्याचा वेग वाढला, कारखाने बंद पडत गेले. १९७२ मध्ये मोटाउन ही कृष्णवर्णीय मालकाची संगीत कंपनीही लॉस एंजेलिसला गेली.

या पडझडीत, जवळच्या बेलव्हिलच्या शाळेत दोस्त झालेल्या तीन कृष्णवर्णीय मुलांनी नवं संगीत घडवलं : हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन. बाजारात आपटलेलं रोलंड ८०८ हे तालयंत्र जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं होतं. अशा यंत्रांतून त्यांनी भविष्याचा आवाज काढला. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांच्या संगीताचा संग्रह निघाला, 'टेक्नो' हे नाव जगभर गेलं. नाव पोचलं, पण माणसं मागे राहिली.

२००३ मध्ये डेट्रॉईटच्या इतिहास संग्रहालयाने 'टेक्नो : डेट्रॉईटची जगाला भेट' हे प्रदर्शन भरवलं. याच शहरातल्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या कलावंतांच्या गटाने तर आपल्याच इमारतीत टेक्नोचं छोटं संग्रहालय थाटलं. २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं. बर्लिनने टेक्नो चोरला, असं आमचं म्हणणं नाही. तिथल्या क्लबांनी डेट्रॉईटच्या कलावंतांना मंच दिला. पण वारशाचा शिक्का कुणाला आधी मिळतो, हा सत्तेचा प्रश्न आहे. म्हणूनच निर्मात्यांनी आपला इतिहास स्वतः मांडणं गरजेचं ठरतं.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपलं नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरकडून घेतलं. लढ्याचं नातं आपण तेव्हाच जोडलं. आता जतन करण्याची शिस्तही तिथून घेऊ या. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी, हलगी आणि ढोलकी वाजवणारे हात : यांतलं किती आपण सांभाळून ठेवलं? जयंतीच्या डीजेवर नाकं मुरडणाऱ्यांना त्या गाण्यांमागचा जलशांपासूनचा इतिहास ठाऊक नसतो. पण तो आपण तरी कुठे लिहून ठेवला?

वस्तीवस्तीत जुन्या कॅसेट धूळ खात आहेत. शाहिरांच्या वह्या रद्दीत जात आहेत. आपल्या विहारातलं एक कपाट त्यांच्यासाठी मोकळं करू या. म्हाताऱ्या गायकांना बोलतं करून मोबाईलवर नोंद ठेवू या. त्यांची नावं, गावं, साल लिहू या. संग्रहालय म्हणजे टोलेजंग इमारत नव्हे. आपण काय निर्माण केलं, याचा पुरावा म्हणजे संग्रहालय.

आपण तो ठेवला नाही, तर उद्या आपलीच गाणी दुसऱ्याच्या नावाने आपल्याला ऐकवली जातील.