बंडीत बसा, पैनगंगा गाठायची आहे

चपला काढा. देवळात नाही आलो, कापसावर चढायचं आहे. 1980 नंतरच्या दशकातला डिसेंबर, यवतमाळ जिल्हा, पांढरकवड्याजवळचं एक खेडं. ज्या घरात तुम्ही उभे आहात ते माणसांचं कमी आणि कापसाचं जास्त आहे. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, चुलीपासून चार हात सोडले की पुन्हा कापूस. पोरं रात्री त्याच्यावरच लोळतात आणि सकाळी अंग खाजवत उठतात. तुमच्याही मानेला आता चावायला लागलं असेल. खाजवू नका, वाढतं. नाक मात्र उघडं ठेवा: सरकीचा तेलकट वास, खाली थोडी ओल, थोडे उंदीर.

दारात बंडी लागली आहे. चारी बाजूंनी तट्टे बांधलेत आणि घरची बाई पदर खोचून आत कापूस तुडवते आहे. तुम्हीही हात द्या, म्हणजे पाय द्या. गुडघ्यापर्यंत रुतता, खाली उबदार लागतं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी तिची बोटं महिनाभर फाटली आहेत, भेगांत काळी माती बसली आहे. वेचणी तिची, भरणी तिची. सातबारा नवऱ्याचा. एक टोपलंभर कापूस तिनं आधीच कोठीमागे सारून ठेवलाय. संध्याकाळी दुकानदार तो घेईल आणि चहापत्ती, साखर देईल. कायद्याच्या भाषेत हा गुन्हा आहे बरं का. 1972 पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आहे. कापूस विकायचा तो पणन महासंघाच्या केंद्रावर, दुसऱ्या कोणाला नाही. टोपलंभर असो की बंडीभर.

‘‘भाऊ, बसा ना पुढं,’’ धनी तुम्हाला म्हणतो. बैलांच्या शेपट्या वाचवून बसा.

केंद्रावर पोचता तेव्हा ऊन कलतं झालेलं असतं आणि बंड्यांची रांग जिनाच्या फाटकातून निघून सडकेवर, सडकेवरून पार नाल्यापर्यंत गेलेली. तुमच्या पुढे किती बंड्या आहेत ते मोजू नका, मन खचतं. काही लोक परवापासून इथेच आहेत. शेण, विडी, कुटार, चहाच्या टपरीवरचं करपलेलं दूध. आत जिनाच्या यंत्रांचा एकसुरी घरघराट, आणि हवेत उडणारी रुई इतकी की प्रत्येकाच्या भुवया म्हाताऱ्या झाल्यात. तुमच्याही. टोकन धोतराच्या गाठीत बांधा, हरवलं तर पुन्हा शेपटाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रेडर येतो. पोरसवदा आहे, इस्त्रीचा शर्ट. बंडीत कोपरापर्यंत हात घालतो, तळातून मूठभर कापूस ओढतो, दोन अंगठ्यांच्या चिमटीत धरून ताणतो, तुटलेले धागे पुन्हा एकावर एक ठेवून ताणतो. धाग्याची लांबी बघतोय तो. सारं मिळून अर्धा मिनिट. सहा महिन्यांची पऱ्हाटी, दोन फवारण्या, एक हुकलेला पाऊस, सगळं त्या चिमटीत आलं. ‘‘कवडी हाय बराच,’’ एवढं बोलून तो खालचा दर्जा सांगतो आणि पुढच्या बंडीकडे जातो. धनी काही बोलत नाही. फक्त टोपी काढून पुन्हा घालतो.

रात्री थंडी अशी पडते की घोंगडीखालीही गुडघे वाजतात. शेकोटीजवळ या. कोणीतरी तुरीच्या शेंगा निखाऱ्यात टाकल्यात, त्या फुटतात तसा गोड, जळका वास सुटतो. भाकरीवर ठेचा घ्या, जपून. आणि ऐका, कारण ज्या वादासाठी तुम्हाला इथे आणलं तो आता पेटणार आहे. त्यासाठी लोक विद्यापीठांत जाडजूड पुस्तकं वाचतात म्हणे.

छातीवर लाल बिल्ला लावलेला एक तरुण सुरुवात करतो. शेतकरी संघटनेचा. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आलेल्या शरद जोशींच्या सभा त्यानं ऐकल्या आहेत. ‘‘कापूस माहा, जमीन माही, अन् नदी वलांडली का म्या चोर? पल्याड आंध्रात, आदिलाबादले जास्त भाव हाय. थो घ्याचा नाई असं सांगनारं सरकार कोन?’’

‘‘सरकार नसतं तं व्यापाऱ्यानं तुह्या आज्याले नागवलंच होतं,’’ एक म्हातारा शेंग सोलत म्हणतो. ‘‘काट्यात मारे, भावात मारे. मंदीत या योजनेनंच वाचवलं, बाप्पा. तोटा सरकारनं सोसला.’’

म्हाताऱ्याचं खोटं नाही. पण तरुण थांबत नाही. सरकारचा पैसा आला कुठून? भांडवल उभारणीच्या नावानं शंभरातले 3 रुपये आपल्याच चुकाऱ्यातून कापतात, वर सोसायटीचं कर्ज तिथल्या तिथं वळतं करतात. चुकाऱ्याचा कागद हाती येतो तेव्हा त्यात बेरजा कमी आणि वजाबाक्या जास्त. तो ‘कर्जमाफी’ हा शब्दही वापरू देत नाही, कर्जमुक्ती म्हणा म्हणतो. माफी गुन्हेगाराला असते, आपण काय गुन्हा केला? 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, हेही त्याला पाठ आहे. शेकोटीभोवती ते फारसं कोणाला कळत नाही. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ हे मात्र सगळ्यांना कळतं.

‘‘मंग उभे राहा ना विलेक्शनले,’’ अंधारातून कोणी खिजवतं. इथे आवाज चढतात. एकाला वाटतं, आमदार झाल्याशिवाय कागद हलत नाही. दुसऱ्याला वाटतं, खुर्चीवर बसला की आपला माणूसही तसाच बोलायला लागतो. त्यापेक्षा सडकेवर बसावं. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. 1990 मध्ये संघटनेची माणसं विधानसभेत जाणार आणि 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. गप्प बसा. शेंगा खा.

वाद कोणी जिंकत नाही. धनी मात्र उठून बैल जुंपतो.

घुंगरमाळा काढून गोणपाटात गुंडाळल्या जातात. डांबरी सडक सोडून धुऱ्याधुऱ्यानं बंडी निघते, कारण सडकेवर नाका आहे. चाक खड्ड्यात गेलं की तुमचे दात एकमेकांवर आपटतात. विडी विझवा. चांदण्यात पांढरा कापूस लांबून दिसतो, म्हणून वर काळी घोंगडी टाकली आहे, तुमच्या अंगावरची. पहाटे पैनगंगेचा उतार लागतो. पाणी बैलांच्या गुडघ्यापर्यंत, पण तुम्हाला बंडी हलकी करायला उतरावंच लागतं, आणि ते पाणी हाडात शिरतं. मध्येच डावा बैल प्यायला थांबतो. धनी त्याला ओढत नाही, शिव्याही देत नाही. फक्त पलीकडच्या काठावर बॅटरी चमकते का बघत राहतो.

चमकत नाही.

आदिलाबादला ऊन चढता चढता सौदा होतो, निम्मा तेलुगूत, निम्मा बोटांवर. व्यापारी धागा ताणत नाही, पण वजनात ‘सूट’ काढतो, आणि हमालाचा पाय काट्याला जरा जास्तच सलगीनं टेकलेला असतो.

‘‘हाही लुटूनच राहिला,’’ तुम्ही कुजबुजता.

‘‘दिसून राहिलं मले,’’ धनी म्हणतो आणि थुंकी लावून नोटा मोजतो. तीनदा. रोख आहेत.

परतीला रिकामी बंडी अशी खडखडते की बोलणंच होत नाही. घरी दिवेलागणीला बाई दारातच उभी असते. चुलीवर चहा उकळतोय, टोपलंभर कापसाचा. धनी आकडा सांगतो. ती ऐकून घेते, पाण्याचा गडवा पुढे करते आणि विचारते, ‘‘बाहेरच्या बायांले किलोमागं येचनी देल्ली. माह्या येचनीचे किती?’’

‘‘बैलं सोडू दे आंधी,’’ तो म्हणतो.