जालन्याहून गेलेले मनोरुग्णालय (थ्रेड)

मराठवाड्याच्या इतिहासात सत्तांतरे, लढे आणि दुष्काळ यांची नोंद पुष्कळ आहे. मनाच्या दुखण्याची नोंद मात्र शोधावी लागते. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय एके काळी आपल्या जालन्यात होते, ही गोष्ट आज खुद्द जालनेकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असेल. १९५३ साली ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलवले गेले आणि तेथे आजही ते नव्या नावाने चालू आहे. जालन्यात त्यानंतर काय उरले, त्याची ही कथा.

त्या काळातील 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणजे उपचारापेक्षा बंदोबस्ताची जागा. ब्रिटिश मुलखात १८५८ चा कायदा आणि पुढे १९१२ चा 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट' लागू होता. माणसाला आत पाठवायचे की नाही, याचा निर्णय बहुधा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होई. भिंती उंच असत, पहारेकरी असत, डॉक्टरही असे. रुग्णासमोर बसून 'तुम्हाला काय होते आहे?' असे विचारणे हेच ज्याचे काम, असा माणूस मात्र त्या व्यवस्थेत नव्हता. असे काही पद असू शकते ही कल्पनाच अजून रुजलेली नव्हती.

ती रुजली मुंबईत. १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य पदवी विद्यालय सुरू झाले. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. मूल शाळेत चोरी का करते, अंथरूण का ओले करते, बोलेनासे का झाले, हे समजून घेण्यासाठी घरी जाऊन आईबापांशी बोलणारा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता तेथे घडू लागला. आज सरकारी रुग्णालयाच्या पाटीवर 'समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)' असे भारदस्त पदनाम दिसते, त्याची मुळे या परंपरेत आहेत.

मुंबई आणि जालना यांच्यात मात्र तेव्हा केवळ अंतर नव्हते, संस्थानाची सीमा होती. १९४८ मध्ये ती पुसली गेली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या नव्या राज्याकडे चार मोठी मनोरुग्णालये होती: पुण्याचे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. चारही ब्रिटिशकाळातील आणि चारही मराठवाड्याबाहेर. म्हणजे संस्थान विलीन होताना जालन्याचे रुग्णालय हैदराबादकडे राहिले आणि नव्या राज्याने आपल्या वाटणीचे काही दिले नाही. सीमा बदलल्या की नद्यांच्या पाण्याची वाटणी होते, कर्जाची होते; रुग्णालयांच्या वाटणीची चर्चा क्वचितच होते.

मग जालन्यातील कुटुंब जाई कुठे? काही जण औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, घाटी रुग्णालयात जात. काही जण येरवड्याचा लांबचा रस्ता धरत. अनेकांची पहिली पायरी मात्र देवस्थान हीच असे. भोकरदन तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत महानुभाव पंथाचे जाळीचा देव हे स्थान आहे. 'बाहेरची बाधा' झाली म्हणून माणसांना तेथे आणण्याची रीत जुनी आहे.

या रीतीकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. व्हीडा स्कल्टन्स या संशोधक महिलेने १९८०च्या दशकात महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास केला. तिला दिसले ते असे की, आजारी पडलेला पुष्कळदा मुलगा किंवा नवरा असे, आणि त्याचे दुखणे आपल्यावर यावे म्हणून अंगात येई ते त्याच्या आईच्या किंवा बायकोच्या. घरातील दुखण्याचा भार कोण वाहते, याचे इतके स्पष्ट चित्र सरकारी अहवालांत सहसा सापडत नाही. अर्थात देवस्थानाची दुसरी बाजूही आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. धावता येईना म्हणून मेले.

कागदावर याआधीच बरेच घडले होते. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग करून दाखवला की, मोठ्या रुग्णालयात न नेताही तालुक्याच्या पातळीवर उपचार करता येतात. त्या नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभी देशातील अवघे चार जिल्हे त्यात होते. पुढे तो हळूहळू पसरला.

जालन्यापुरते पाहिले तर या विषयाला धार आणली ती शेतीच्या संकटाने. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा संस्थेने २००५ मध्ये त्याच्या कारणांविषयी अहवाल दिला. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देण्यासाठी शासन प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरवते: नापिकी होती का, कर्ज होते का, वसुलीचा तगादा होता का. प्रश्न योग्यच आहेत. पण ते माणूस गेल्यानंतर, त्याच्या सातबाऱ्याला आणि बँकेच्या पासबुकाला विचारले जातात.

मग आला २०१२-१३ चा दुष्काळ. जालना हा मोसंबीचा जिल्हा. अंबड, घनसावंगी, बदनापूर या पट्ट्यात बागाच बागा. कापूस किंवा सोयाबीन गेले तर एक हंगाम जातो. मोसंबीचे झाड धड फळाला यायला पाच-सहा वर्षे लागतात, त्यामुळे बाग वाळली की मागची मेहनत आणि पुढची मिळकत दोन्ही एकदम जातात. त्या वर्षी लोकांनी विकतच्या टँकरने झाडे जगवली, आणि ते परवडेनासे झाले तेव्हा आपल्याच हाताने तोडून सरपण केली. या घटनेला निव्वळ 'आर्थिक नुकसान' म्हणणे म्हणजे अर्धेच सांगणे होय.

२०१५ साली राज्य शासनाने विदर्भ आणि मराठवाडा मिळून १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. जालना त्यात होता. पद्धत साधी होती. गावातील आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारी: झोप लागते का, जेवण जाते का, कामात मन लागते का, जगणे नकोसे वाटते का. उत्तरे काळजीची वाटली तर प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून जिल्हा रुग्णालय. तेथे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता आणि परिचारिका. सोबतीला १०४ हा मदत क्रमांक. जे प्रश्न शासन मृत्यूनंतर विचारत होते, त्यांच्या शेजारचे प्रश्न प्रथमच जिवंत माणसाला विचारले जाऊ लागले. माझ्या मते जालन्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात ही गोष्ट इमारतीपेक्षा मोठी आहे.

आता या साखळीतील समुपदेशकाचे काम पाहू. समोर आलेला माणूस 'मला नैराश्य आहे' असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'टेन्शन आहे', 'डोकं चालंना', 'कशातच जीव लागत नाही'. शिवाय आपल्याकडे कीटकनाशकालाही 'औषध' म्हणतात. जगवणाऱ्या वस्तूला आणि जीव घेणाऱ्या वस्तूला एकच शब्द असलेल्या बोलीत, 'औषध' म्हणजे कोणते, हे समुपदेशकाला कान देऊन ऐकावे लागते. कर्ज तो फेडू शकत नाही, पाऊस आणू शकत नाही. पण बँकेची नोटीस सोबत बसून वाचता येते, कोणत्या योजनेचा अर्ज कुठे करायचा हे सांगता येते, घरच्यांना बोलावून घेता येते, आणि झोप व दिनक्रम पुन्हा रुळावर आणता येतो.

हे सारे परिणामकारक असते का? अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रयोग झाला. त्याआधी नैराश्यग्रस्तांपैकी ४.३ टक्के लोकच कोणाकडे मदतीला जात. १८ महिन्यांत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात 'संगत' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन करवले. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

कायदाही बदलला. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार गुन्हा होता, म्हणून वाचलेल्या माणसाच्या खाटेशेजारी समुपदेशकाआधी पोलीस पोहोचत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी शासनाने घ्यावी, असे तो सांगतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत ते सरसकट कलमच उरले नाही.

आणि २०२२ मध्ये वर्तुळाचा एक तुकडा जुळला. राज्य मंत्रिमंडळाने जालन्यात ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास मान्यता दिली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे त्या वेळी घनसावंगीचे आमदार होते, हा योगायोग नव्हे हे उघड आहे. ३६५ हा आकडा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाइतकाच. १९५३ नंतर जवळपास सत्तर वर्षांनी मराठवाड्याच्या वाट्याला असे रुग्णालय मंजूर झाले.

खाटा मंजूर करणे एक आणि माणसे टिकवणे दुसरे. समुपदेशकांची आणि समाजकार्यकर्त्यांची बरीच पदे कंत्राटी असतात. करार दरवर्षी नव्याने होतो. ज्याच्यापाशी एखाद्या शेतकऱ्याने पहिल्यांदा मन मोकळे केले, तो पुढच्या वर्षी त्याच खुर्चीत असेल याची खात्री नसते. आशा कार्यकर्तीला तर पगारही नाही, मानधन आणि कामानुसार मोबदला. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता नसताना, हीच माणसे या व्यवस्थेचा खरा पाया आहेत.

१० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, सेवा मोफत, दिवसरात्र, आणि मराठीतूनही. हा थ्रेड वाचताना तुम्हाला स्वतःची किंवा घरातल्या कोणाची आठवण झाली असेल, तर तो जपून ठेवा.