निपाणीच्या गल्लीतील दूरदर्शनची संध्याकाळ

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चाळीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ लिहून आणायची. बहुतेक वह्यांत दूरदर्शन आले. एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, सगळ्या घरांत एकच कार्यक्रम चालायचा? मग आवडला नाही तर काय करायचे?"

"बसून राहायचे," मी म्हणालो. वर्ग हसला. पण उत्तर खरे होते. त्या बसून राहण्याचाच थोडा इतिहास येथे मांडतो.

आपल्या देशात दूरदर्शन दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रयोग म्हणून सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला आले, बंगळूर केंद्र १ नोव्हेंबर १९८१ ला. सीमाभाग या दोहोंच्या मध्ये आणि दोहोंपासून लांब. मुंबईच्या 'गजरा'ची आणि 'चिमणराव-गुंड्याभाऊ'ची वर्णने आम्ही पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकत असू. १९७५-७६ च्या 'साइट' या उपग्रह प्रयोगात कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतल्या खेड्यांना कन्नड कार्यक्रम मिळाले. बेळगाव जिल्हा त्यातही नव्हता.

रंग आला तो १५ ऑगस्ट १९८२ रोजी, लाल किल्ल्यावरील समारंभाच्या प्रक्षेपणातून. त्याच दिवशी दिल्लीहून देशभरासाठी राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. गरीब देशाला ही चैन कशाला, अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली. रंगीत दूरदर्शनचा आग्रह धरणारे मंत्री होते वर्ध्याचे खासदार वसंत साठे. नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि रंगीत संचांची हवा देशभर पसरली. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ साली गावोगावी लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. आमच्याकडे चित्र पोचले ते या लाटेत. शंभर वॅटच्या अशा केंद्राची धाव दहा-पंधरा किलोमीटरची. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तर. त्यामुळे आमच्या अँटेना उंच बांबूवर चढल्या आणि बहुतेकांची तोंडे उत्तरेकडे वळली. त्यात राजकारण काही नव्हते. जिकडून मुंग्या कमी, तिकडे तोंड, एवढाच हिशेब.

आमच्या घरी आला तो लाकडी सरकत्या दारांचा, पायांवर उभा असलेला कृष्णधवल संच. टपाल कचेरीतून त्याचा परवाना काढावा लागे. ती पद्धत १९८५ साली बंद झाली. रंगीत संच आमच्या आवाक्याबाहेरचा होता. वडिलांनी बाजारातून तीन रंगांचा प्लास्टिकचा कागद आणून काचेवर लावला. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे आणि पदर हिरवा दिसे. आजीला ते फार आवडे. सीमाभागातल्या कित्येक घरांचा रंगीत जमाना असा सुरू झाला.

त्या वेळी मी तेरा वर्षांचा होतो. गल्लीत आमचा संच दुसरा. दिवेलागणीला परवचा आटोपला की माणसे जमू लागत. शेजारच्या अक्का आपले सूप घेऊनच येत. निपाणी तंबाखूची पेठ. विड्या वळणाऱ्या बायका घरोघर. सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा. डोळे पडद्याकडे आणि बोटे आपल्या कामात. हजार विड्यांचा हिशेब दूरदर्शनसाठी थांबत नसे.

कार्यक्रम दिल्लीचे, जसेच्या तसे. 'कृषिदर्शन' १९६७ साली दिल्लीभोवतालच्या ऐंशी खेड्यांसाठी सुरू झाले होते. ते आता आमच्यासमोर गव्हाचे पीक दाखवी आणि तंबाखूवाले शेतकरी तेही मन लावून पाहत. मग बातम्या, एखादी मुलाखत, शास्त्रीय गायन, बुधवारी 'चित्रहार', रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट. मध्येच चित्र गेले की 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी. आजी शिकलेले हिंदीतले पहिले वाक्य हेच. चुलीवर दूध उतू गेले की ती ते म्हणे.

अडचण एकच होती. आजीला मराठीखेरीज काही कळत नसे आणि अक्कांना कन्नडखेरीज. "काय म्हणतोय रे तो?" आजी विचारी. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने अक्का, "एन अंतानो?" मी मधे. शाळेत कन्नडच्या तासाला मी मागच्या बाकावर बसे आणि त्यात मला एक प्रकारचा अभिमानही वाटे. घराघरांतून भाषेचा प्रश्न धुमसत होता, त्याचा तो पोरकट वाटा. पण येथे एक म्हातारी माणूस तोंडाकडे पाहत बसलेली. तिला 'ठाऊक नाही' म्हणणे जमेना. मोडकेतोडके सांगू लागलो. अक्का हसत, चूक सुधारत, पुढे ऐकत. पुढे शिक्षकी पेशात आलो, पण एकच गोष्ट दोघांना दोन तऱ्हांनी समजावून सांगण्याचा माझा पहिला वर्ग तोच.

७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही १५६ भागांची मालिका. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द बोलत आणि निरोप घेताना 'हम लोग' हे शब्द निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारत. आमच्या खोलीत याची केवढी वाट पाहिली जाई! आज मराठी की कन्नड, यावर पोरांच्या गोट्यांच्या पैजा लागत. मराठीची पाळी आली त्या रात्री आमच्याकडे वीज नव्हती, असे पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनी सांगितले. खरे-खोटे त्यांनाच ठाऊक. गोट्या मात्र मला द्याव्या लागल्या.

मग १९८६ चा जून आला. कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटले, बेळगाव भागात गोळीबार झाला, माणसे मेली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ते वेगळे सांगायला नकोत. आमच्या गल्लीत कोणी कोणाला वाईट बोलले नाही, पण अक्का यायच्या थांबल्या. कोणी येऊ नका म्हटले नव्हते. संच चालू असे आणि त्यांची जागा रिकामी. आजी आठ-दहा दिवस काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी ती स्वतः उठून शेजारी गेली आणि अक्कांचे सूप आपल्या हातात घेऊन परत आली. सुपामागून अक्का आल्या.

त्याच वर्षी 'बुनियाद' ही फाळणीवरची मालिका सुरू झाली. लाहोरचे एक कुटुंब, तोडलेला देश. 'बँटवारा' शब्द आला तेव्हा दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिले. मी आजीला म्हणालो, "वाटणी." अक्कांना म्हणालो, "पालु." दोघींनी माना हलवल्या. भावाभावांतल्या वाटण्या दोघींनी पाहिल्या होत्या. थोड्या वेळाने अक्कांनी विचारले, वाटणीत विहीर कुणाकडे गेली? मी तो प्रश्न आजीला मराठीत सांगितला. ती म्हणाली, "तेच म्हणत्ये मी." मला उत्तर देता आले नाही. पुढे धारवाडला इतिहासात एम.ए. करताना फाळणीवर बरेच वाचले. त्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न क्वचितच भेटला.

१९८७ मध्ये शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' आली. मूळ कथा आर. के. नारायण यांच्या इंग्रजीतल्या, संवाद हिंदी, चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंब्याचे आणि स्वामीच्या वडिलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड. हे शंकर नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले, आणि कर्नाडांचा जन्म माथेरानचा. १५ ऑगस्ट १९८८ ला 'मिले सुर मेरा तुम्हारा' प्रथम दाखवले, त्याची सुरुवात भीमसेन जोशींच्या स्वराने. गदगचे भीमसेन, पुण्याचे भीमसेन. आजी म्हणाली, हा आपला. अक्काही तेच म्हणाल्या. दोघी बरोबर होत्या.

१९९४ मध्ये दूरदर्शनने मराठीसाठी आणि कन्नडसाठी वेगळ्या उपग्रह वाहिन्या सुरू केल्या. पुढे त्या 'सह्याद्री' आणि 'चंदना' म्हणून ओळखल्या गेल्या. ते न्याय्यच झाले. आपली भाषा आपल्या घरात ऐकू यावी, ही इच्छा आम्ही दहा वर्षे मनात धरली होती, आणि दिल्लीची हिंदी सर्वांच्या माथी मारण्याची ती रीत काही आदर्श नव्हती. तोवर अक्कांच्या घरीही संच आला होता. भिंतीच्या अलीकडे मराठी, पलीकडे कन्नड. कोणाला दुभाष्या लागेनासा झाला.

जुने सारे सोन्याचे होते, असे मला म्हणायचे नाही. पण माझ्या कन्नडचा उगम कोणी विचारला, तर मी शाळेचे नाव सांगत नाही. त्या मुलीच्या वहीवर मी शेरा लिहिला, 'आवडला नाही तर शेजाऱ्याला समजावून सांगायचे.' तिने खाली पेन्सिलीने विचारले होते, 'आणि शेजाऱ्याची भाषा येत नसेल तर?'

दुसऱ्या दिवशीचा तास मी त्या प्रश्नापासून सुरू केला.